काटा आणि टेप
विरारच्या मनवेलपाड्यातही आता पलंगाखालून काचेचा वजनकाटा निघतो. अनवाणी उभं राहिलं की चरबीची टक्केवारी दशांशासकट सांगतो. त्या दशांशावर फार विसंबू नये. काटा चरबी मोजतच नाही. एका तळव्यातून क्षीण वीज सोडून तिला किती अडथळा झाला ते बघतो आणि उंची, वय, लिंग धरून अंदाज बांधतो. विरार लोकलमधून घामाघूम होऊन आलात किंवा तांब्याभर पाणी प्यायलात, की आकडा हलला. पण नुसतं वजनही फसवंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! तेव्हा पोटाची चरबी अजमावायला शिवणाच्या डब्यातली टेप काढा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळा, श्वास सोडा आणि (पोट आत न ओढता, हे आपल्याला जड जातं) वाचा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही कमरेच्या घेराची हद्द. पँटचा नंबर इथे चालत नाही; ती बहुतेकांनी पोटाखाली अडकवलेली असते.