'ओके' म्हणजे 'सगळं पोचलं' नव्हे!

तर मंडळी, या विकांताला जरा भांडायचं आहे. आणि तेही फक्त ४ बाइट्सवरून.

पेन ड्राइव्ह आणि संगणक यांचं बोलणं बहुतेक वेळा यूएसबीच्या 'बल्क-ओन्ली ट्रान्सपोर्ट' या १९९९ सालच्या नियमांनी चालतं. (त्या नियमांच्या मुखपृष्ठावर तारीख छापलीय ३१ सप्टेंबर! असो.) संगणक ३१ बाइट्सची आज्ञा पाठवतो, त्यात 'मला इतके बाइट्स हवेत' हा आकडा असतो. मग डेटा येतो. शेवटी ड्राइव्ह १३ बाइट्सची पावती देतो. तिच्यात १ बाइट स्टेटसचा, आणि ४ बाइट्स 'रेसिड्यू'चे, म्हणजे मागितल्यापैकी किती कमी पडलं त्याचे.

आता गंमत बघा. समजा ६५,५३६ बाइट्स मागितले आणि ड्राइव्हकडे खरा डेटा ६१,४४० चाच निघाला. उरलेल्या जागी काहीतरी भरताड घालून आकडा पुरा करायची ड्राइव्हला नियमानेच मुभा आहे. यूएसबी कंट्रोलरला बाइट्स मोजता येतात, खरे-खोटे कळत नाहीत. तो म्हणणार, सगळं आलं. स्टेटसही 'ओके' असू शकतं. शेवटचे ४,०९६ बाइट्स कचरा आहेत हे सांगणारा एकच साक्षीदार, तो रेसिड्यू. गवळ्याने दुधात पाणी घातलं तर घातलं, पण किती ते तरी खरं सांगावं!

आणि नेमकी इथेच काही फर्मवेअरवाले माती खातात. डेटा पूर्ण दिलेला असतानाही रेसिड्यूमध्ये वाट्टेल तो आकडा! शेवटी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये 'याच्या रेसिड्यूकडे दुर्लक्ष करा' असा खास फ्लॅग आला, अशा उपकरणांची यादी आली. एवढंच नाही, ३६ बाइट्सच्या 'इन्क्वायरी'ला पूर्ण उत्तर आलं, स्टेटस ओके, तरी रेसिड्यू शून्य नाही असं दिसलं, तर ड्रायव्हर तो फ्लॅग आपणहून लावतो.

'अरे, पण पेन ड्राइव्ह चालतोय ना?' हो, चालतोय. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. पण एकदा खोटारडा ठरलेल्या ड्राइव्हने पुढे खरी तूट कळवली, तरी ऐकणारं कोणी नाही. लांडगा आला रे आला! 'कॉपी झाली, टेस्ट पास' या वृत्तीची ही किंमत.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही बरं का. आपलं नेहमीचं राइट फंक्शन किती बाइट्स लिहिले ते परत सांगतं, आणि तो आकडा मागितल्यापेक्षा कमी असू शकतो. तो न तपासणारा कोड मीही लिहिलाय, रिव्ह्यूमध्ये दुसऱ्यांचा पासही केलाय. 'एरर नाही ना आली' म्हणून! एरर न येणं आणि काम पुरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा सोमवारी हापिसात गेलात की आपला कोड उघडा. परत आलेला आकडा तपासा, कमी असेल तर उरलेलं पुन्हा पाठवा. चार ओळींचं काम आहे. तेवढंही करायचं नसेल, तर निदान फर्मवेअरवाल्यांना शिव्या देऊ नका.