अहेरीच्या गावांसाठी नेमकं काय बनवायचं? गडचिरोलीतल्या मण्यांच्या पाटीची गोष्ट

सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यातला एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. आई-वडील आपल्या दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चालत होते. जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रापासून गावापर्यंत, सुमारे 15 किलोमीटर. त्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: रुग्णवाहिका कुठे होती?

प्रश्न रास्तच. पण तेव्हाच्या बातम्यांमध्ये एक तपशील होता, जो व्हिडिओत दिसत नाही. ताप आल्यावर मुलांना आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं, दवाखान्यात नंतर. म्हणजे मुलं जिवंत होती तेव्हाचे मोलाचे तास गावातच गेले. मग दुसरा प्रश्न येतो. त्या तासांत गावात कोण होतं आणि त्याच्या हाताशी काय होतं?

काहीही बनवण्याआधी असे प्रश्न विचारणं, यालाच प्रॉडक्ट डिझाइनमध्ये संशोधनाचा टप्पा म्हणतात. वस्तू कोण वापरणार, कुठे, कुठल्या अडचणीत. कंटाळवाणा टप्पा आहे, फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं. म्हणून तोच गाळला जातो.

दाईला मोजता येईल असं यंत्र

याच जिल्ह्यात हा टप्पा न गाळल्याचं एक उत्तम उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1980 च्या दशकात गावातच बालन्यूमोनिया ओळखायचं ठरवलं. खूण सोपी आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचा 50 किंवा जास्त असेल, तर धोका.

पण मोजणार कोण? गावात हाताशी होत्या त्या दाया. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि 60 पर्यंत न चुकता मोजणं जमत नव्हतं. हे कळल्यावर दोन वाटा होत्या: दायांना बदलायचं किंवा यंत्र बदलायचं. यंत्र बदललं गेलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळासाठी, एक मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. बॅटरी नाही, अक्षर नाही. या ‘ब्रेथ काउंटर’वरचा शोधनिबंध 1992 मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी एक वर्ष नुसतं पाहणं

नवजात बाळांच्या बाबतीत नियोजन आणखी चिवट होतं. 39 गावांत 1995-96 चं वर्ष गावातल्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन बाळांच्या तब्येतीची नोंद ठेवली. 763 बाळं पाहिली गेली. त्यातल्या 54.4 टक्के बाळांना उपचारांची गरज होती, रुग्णालयात पोहोचली फक्त 0.4 टक्के. हा आकडा हातात आल्यावर ‘आणखी एक रुग्णालय’ हे उत्तर आपोआप मागे पडतं. पुढे जंतुसंसर्गावरचे उपचारही घरीच सुरू झाले. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांशी ताडून पाहिलं, तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी दिसला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं आणि 2011 पासून आशा सेविकांमार्फत घरोघरी नवजात काळजी देशभर गेली.

मग तेच उचलून अहेरीत ठेवायचं? इथे जरा थांबावं लागतं. सर्चची ती गावं गडचिरोली शहराच्या आसपासची. अहेरी तिथून शंभराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला. इकडे गोंडी-माडिया आणि तेलुगू बोलली जाते, वस्त्या विरळ आहेत आणि आजारपणात पहिला शब्द बऱ्याचदा पुजाऱ्याचा असतो. नवं उपकरण असो, मोबाइल ॲप असो की शेजारच्या नारायणपूरसारखी मोटारसायकल रुग्णवाहिका, पुजाऱ्याला वगळून आखलेली योजना त्या पहिल्या तासांत पोहोचणारच नाही. मराठीतून बोलणारं ॲप तर त्याहून नाही.

आणि चाचणी उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर घेऊन भागणार नाही. ती जुलै-ऑगस्टमध्येच घ्यावी लागेल, पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा.