पावतीवर ३१ मार्च, खात्यावर २ एप्रिल

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आलेली पत्रे समोर पसरली आहेत. बहुतेक गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या गटसचिवांची, काही चेअरमनांची. जिल्हे वेगळे, अक्षर वेगळे, तक्रार एकच: सभासदाने मुदतीत पैसे आणून दिले, आपण पावती फाडली, आणि बँकेच्या खात्यावर तोच सभासद थकबाकीदार निघाला.

कसे झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तारखा एकदा ओळीने मांडतो, कारण पुढच्या बैठकीत त्या कामी येतील. शुक्रवार, २८ मार्च २०२५: तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत जाहीर सांगितले की तूर्त कर्जमाफी होणार नाही, ३१ मार्चच्या आत पीक कर्ज भरा. शनिवार, २९: अमावास्या, पण पाचवा शनिवार असल्याने बँका चालू. रविवार, ३०: गुढीपाडवा. सोमवार, ३१: रमजान ईद. मंगळवार, १ एप्रिल: बँकांच्या वार्षिक हिशेबाचा दिवस, व्यवहार बंद. बुधवारी दोन तारीख उजाडली. विधानसभेच्या निवडणुकीत कर्जमाफीचे आश्वासन ऐकल्यापासून चार महिने वाट पाहत थांबलेल्या सभासदाला सरकारने खरे काय ते सांगितले, आणि सांगितल्यावर त्याच्या हाती कामाचा एकच दिवस ठेवला.

सरकारला सुट्ट्यांची ही अडचण स्वतःच्या पैशाबाबत मात्र वेळेवर दिसली होती. सरकारी जमा-खर्च सांभाळणाऱ्या एजन्सी बँकांच्या शाखा ३१ मार्चला उघड्या ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीतच कळवले. आयकर कार्यालये २९, ३० आणि ३१ असे तिन्ही दिवस चालू राहिली. चलन भरणाऱ्या ठेकेदारासाठी आणि कर भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी पाडवा आणि ईद यांच्यातून वाट काढली गेली. सोसायटीचा भरणा ही त्या आदेशाची बाबच नव्हती.

त्या शनिवारी आम्ही झरीतच होतो. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, आजूबाजूच्या वस्त्यांची माणसे इथेच उतरतात. दुपारपर्यंत जो तो एकच विचारत होता, आता भरायचेच का? आदल्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या पावसाने या जिल्ह्यात सोयाबीन आणि कापूस किती झोपवला, ते वाचकांना सांगायला नको. उरलेल्या सोयाबीनला क्विंटलमागे हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली होता आणि सरकारी खरेदी ६ फेब्रुवारीला थांबली. घरात ठेवलेली पोती शनिवारी मिळेल त्या भावाने काढणारे होते, मेहुण्याकडून हातउसने आणणारे होते. ज्याला शनिवारी जमले नाही त्याने पाडव्याला गुढी उभारून संध्याकाळी पैसे सचिवाच्या हाती दिले. कोणी ईदच्या दुपारी दिले. गावागावांत हेच झाले. माणूस मुदत पाळत होता.

आता हिशेब पाहा. एक लाखाचे पीक कर्ज, सहा टक्के दर, वर्षाचे व्याज सहा हजार. मुदतीत फेड केली तर केंद्राचे तीन टक्के आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतले राज्याचे तीन टक्के, म्हणजे सभासदावर व्याज शून्य. मुदत चुकली तर केंद्राचा प्रोत्साहनपर परतावा गेला, थकबाकीचा दर लागला आणि नाव थकबाकीच्या यादीत चढले. सोसायटीच्या किर्दीत जमा ३१ मार्चची, बँकेच्या खतावणीत २ एप्रिलची. मधले दोन दिवस सभासदाचे नाहीत, सचिवाचेही नाहीत. ते दिनदर्शिकेचे आहेत. तरी बिल सभासदाच्या नावावर फाटते.

तारीख केवढी महाग पडते, हे आपण एकदा पाहिले आहे. २०२२ मध्ये नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यायचे ठरले, तेव्हा २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या तीन वर्षांपैकी दोन वर्षांची फेड मुदतीत हवी होती. याद्या बँकांच्या नोंदींवरून झाल्या. ज्याची जमा दोन दिवस पुढे पडलेली, तो वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे भरत आलेला माणूस हातात पावती घेऊन आपल्या दारात उभा राहिला. आपल्यापैकी कितीजणांना त्या वेळी खाली मान घालावी लागली, ते ज्याचे त्याला माहीत.

म्हणून आमची मागणी एकच आहे आणि ती सहकार खात्याने खरिपाच्या कर्जवाटपाआधी निकाली काढावी. सोसायटीने दिलेल्या अधिकृत पावतीची तारीख हीच सभासदाच्या परतफेडीची तारीख धरावी. सोसायटीकडून बँकेत भरणा व्हायला सुट्टीमुळे लागलेले दिवस मार्गस्थ रक्कम म्हणून दोन्ही पुस्तकांत दिसावेत आणि व्याज सवलतीच्या प्रस्तावात त्यांची वेगळी यादी जोडायला मुभा असावी. यात शासनाच्या खिशातून नवा पैसा जात नाही. जो परतावा योजनेने देऊ केला आहे, तोच योग्य माणसाला मिळतो. एवढ्यासाठी एक परिपत्रक पुरे. ते निघत नाही, कारण तालुक्याला विचारले तर जिल्ह्याकडे बोट, जिल्ह्याला विचारले तर बँकेकडे, आणि बँक म्हणते आम्हाला वरून पत्र नाही. एका सचिवाने लिहिले आहे की त्याला तीन टेबलांवर तीन वेगळी उत्तरे मिळाली आणि तिन्ही तोंडी. लेखी उत्तर मागा. मिळेपर्यंत मागा. तोंडी उत्तर लेखापरीक्षकापुढे ठेवता येत नाही.

आता आपल्याच बाजूला वळतो, कारण सगळा दोष वरचा नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही स्वतः हेच केले. मार्चअखेरची वसुली हातात, शाखा बंद, भरणा चार दिवसांनी. बँकेने त्या दिवसांचे व्याज सोसायटीच्या नावे टाकले. सभासदाला पावती देऊन बसलो होतो, त्याच्याकडे मागायचे कसे? तेव्हा ती रक्कम किरकोळ खर्चात बसवून तेरीज जुळवली आणि सुटलो असे वाटले. पुढच्या वर्षी तसेच आणखी काही बसवले. तिसऱ्या वर्षी लेखापरीक्षकाने सभासद येणे कर्ज आणि बँक देणे कर्ज या दोन आकड्यांतल्या फरकावर बोट ठेवले तेव्हा घाम फुटला. मार्गस्थ रकमेची एक ओळ त्या पहिल्याच वर्षी लिहिली असती आणि व्याजाबद्दल बँकेला एक पत्र टाकले असते, तर पुढचे काही झाले नसते. त्या सोसायटीतल्या सभासदांची नवी कर्जे त्यापायी अडली, याचे दुःख अजून आहे.

हा फरक म्हणजेच अनिष्ट तफावत. ती एका रात्रीत होत नाही, ती मार्चअखेरच्या अशा सोयीच्या नोंदींतून दर वर्षी थोडी थोडी साठते. बँक आलेला भरणा आधी व्याजात घेते, आपण सभासदाच्या मुद्दलात घेतो. बँक ३१ मार्चला व्याज नावे टाकते, त्याची सूचना आपल्याला मेमध्ये मिळते आणि आपण ती पुढच्या वर्षात लिहितो. कर्जमाफीची रक्कम एका तारखेच्या बाकीवर मंजूर होते, खात्यावर वेगळ्याच तारखेला येते, आणि मधल्या काळाचे व्याज कोणाचे हे कोणी सांगत नाही. हे तिन्ही फरक एकाच दिशेने जातात: बँकेचे देणे फुगते, सभासदाचे येणे तिथेच राहते. शेवटी बँक म्हणते, आधी तफावत भरा मग कर्ज घ्या. तोपर्यंत ती लाखांत गेलेली असते आणि ज्याने घातली तो सचिव दुसऱ्या गटात बदलून गेलेला असतो.

बाकीच्या चुका जुन्याच आहेत, फार लिहीत नाही. शासनाकडून येणे व्याज परतावा उत्पन्नाला घ्यायचा आणि प्रस्ताव नामंजूर झाल्यावरही तो वर्षानुवर्षे येणे म्हणून ओढायचा. खत दुकानात पॉस मशीनवरचा साठा एक, गोदामातली पोती वेगळी, आणि ताळेबंदात तिसराच आकडा. ऑडिट फी आणि पगार हे देणे खर्च धरायचेच नाहीत आणि नफा दाखवून लाभांश वाटायचा. अनामत खात्यात पाच वर्षांपूर्वीची रक्कम, कोणाची ते कोणालाच माहीत नाही. हे सगळे फेब्रुवारीत बसून साफ होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, कारण तेव्हा आपण वसुलीला फिरत असतो.

एक गोष्ट मात्र आता कायमची संपायला हवी: किर्द १० एप्रिलपर्यंत उघडी ठेवायची आणि पुढे आलेली वसुली ३१ मार्चला दाखवायची. वसुलीची टक्केवारी सुधारावी म्हणून हे केले जाते, कधी वरून सांगून केले जाते. त्याच्याच जोडीला कागदी जुने-नवे असते: भरलेला पैसा नाही, दिलेला पैसा नाही, फक्त दोन सह्या आणि थकबाकीदार एका रात्रीत चालू बाकीदार. हे करणाऱ्या सचिवांना आणि त्यावर सही करणाऱ्या संचालकांना आम्ही स्पष्ट सांगतो, की ज्या सचिवाने सभासदाचे पैसे खरोखर ३१ ला घेतले त्याची पावती तुमच्यामुळे संशयात येते. आमची वरची मागणी फेटाळायला खात्याकडे एकच वाजवी कारण आहे, आणि ते तुम्ही पुरवता आहात. पावतीची तारीख ग्राह्य धरा म्हणायचे असेल, तर पावतीपुस्तकातली तारीख लोखंडासारखी पक्की असली पाहिजे.

संगणकीकरणाने हा मार्ग तसाही बंद होतो आहे. २०२२ मध्ये केंद्राने देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, नाबार्डमार्फत एकच सॉफ्टवेअर दिले. डे-एंड झाला की दिवस बंद, मागच्या तारखेत शिरता येत नाही. अनेक सचिव याला घाबरतात. घाबरू नये. आज जी तारीख आपण तोंडाने सांगतो आणि कोणी मानत नाही, ती उद्या यंत्रावर वेळेसह उमटेल. सुरुवातीच्या शिलका मात्र बँकेशी जुळवूनच भरा. जुनी तफावत तशीच आत ढकललीत तर ती पुढे दर वर्षी सुरुवातीची शिल्लक म्हणून समोर येईल, आणि विचारायला मागचा सचिव सापडणार नाही.

ज्यांच्याकडे तीन-तीन, चार-चार सोसायट्यांचा भार आहे आणि पगार महिनोन्महिने अडकला आहे, त्यांना हे उपदेश कडू लागतील. लागू द्या. पगाराचा प्रश्न आम्ही या पानांतून सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण पगार थकला म्हणून किर्द थकवता येत नाही. आपल्या किर्दीवर चारशे घरांचे खत-बियाणे अडते.

पुढच्या मार्चसाठी संचालक मंडळाने जानेवारीतच ठराव करावा: पीक कर्जाचा रोख भरणा २५ मार्चपर्यंत, त्यानंतर फक्त थेट बँक खात्यावर. ठराव चावडीवर लावा, दवंडी द्या, सभासदांच्या मोबाइलवर पाठवा. ३१ डिसेंबरची बाकी बँकेकडून लेखी घ्या आणि जानेवारीत ताळमेळ लावा, म्हणजे मार्चमध्ये फक्त तीन महिने जुळवायचे उरतील. बँकेची व्याज नावे टाकल्याची सूचना १० एप्रिलपर्यंत आली नाही तर शाखेत जाऊन पोच घेऊन पत्र द्या. वार्षिक पत्रके ४५ दिवसांत करायची आहेत, ही मुदत आपल्यावर आहे. बँकेवर सूचना देण्याची तशीच मुदत नाही, आणि तीही असावी हे आम्ही खात्याला लिहिले आहे.

आता तातडीचे. ज्या ज्या सोसायटीत यंदा २९ ते ३१ मार्चची पावती आणि २ एप्रिल किंवा नंतरचा भरणा असे झाले आहे, त्या सचिवांनी प्रत्येक सभासदाची पावती आणि बँकेचे चलन यांची छायाप्रत एकाच कागदावर काढावी, दोन्ही तारखा दिसतील अशी. त्यावर सभासदाचा खाते क्रमांक, कर्ज रक्कम आणि गेलेला परतावा लिहावा, चेअरमनची सही घ्यावी. एक संच सहायक निबंधकांकडे पोच घेऊन द्यावा, दुसरा आमच्याकडे पाठवावा. १५ मेपर्यंत आलेले सगळे संच जिल्हावार बांधून आम्ही स्वतः सहकार आयुक्तांच्या कार्यालयात, पुण्याला, नेऊन देणार आहोत. ज्या सभासदाने पाडव्याच्या संध्याकाळी पैसे आणून दिले त्याचा कागद त्या गठ्ठ्यात असलाच पाहिजे.