मुलींचा संघ आणि घरचा उंबरठा

जुलै 2017 मध्ये एलात येथे वीस वर्षांखालील मुलींची युरोपीय बास्केटबॉल स्पर्धा भरली होती. ती दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे वरच्या श्रेणीत स्थान नसलेल्या राष्ट्रांची. यजमान आपलाच देश. तरी आमच्या परिचयातील एकाही घरी तिचा विषय निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुढे 2018 साली जर्मनीत आणि 2019 साली तेल अवीव येथे त्याच वयाच्या मुलांनी युरोपचे अजिंक्यपद सलग दोनदा पटकाविले, तेव्हा मात्र शब्बाथच्या जेवणावरही देनी अवदियाचे नाव निघे. मुलांचे कौतुक झाले ते योग्यच. परंतु मुली मागे का, असे कोणी विचारले की आपण सरकारास आणि पैशास दोष देऊन मोकळे होतो.

तो दोष अगदीच खोटा नाही. स्त्रियांच्या बास्केटबॉलसाठी झटणाऱ्या एका संस्थेस थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि स्थानिक परिषदेने खेळांचा पैसा वाटताना स्त्रियांच्या संघांस झुकते माप द्यावे, असा निर्णय 2004 साली मिळाला. शिवाय अठराव्या वर्षी सैन्याचे बोलावणे येते. उत्कृष्ट खेळाडू म्हणून नोंद झालेल्यांना सरावाची सवलत असते खरी, पण किती जणींना?

तथापि वीस वर्षांखालील संघ विसाव्या वर्षी घडत नाही. तो नवव्या-दहाव्या वर्षी शाळेच्या पटांगणावर सुरू होतो आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी घराच्या उंबरठ्याशी मोडतो. हे आम्ही शिक्षकाच्या अनुभवाने सांगतो, आणि त्यात आमचाही अपराध आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात आपल्याच समाजातील एक उंच, चपळ मुलगी होती. प्रशिक्षकास ती निवडचाचणीसाठी हवी होती. तिची आजी आमच्याकडे आली. "पोरीनं अर्ध्या चड्डीत परगावी जायचं, रात्री उशिरा यायचं. लोक काय म्हणतील? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा." शरीरशिक्षण हे शिक्षणाचे अविभाज्य अंग आहे, असे आम्ही अध्यापनाच्या परीक्षेत पानेच्या पाने लिहून आलो होतो. तरी आम्ही म्हणालो, "आजी, आधी बग्रुत होऊ द्या." मुलीने सराव सोडला. बग्रुतचे गुण काही त्यामुळे वाढले नाहीत. आजीला आमचा एक शब्द पुरेसा झाला, हे आजही सलते.

हा खेळ मुलींस शोभत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. बास्केटबॉल अमेरिकेत 1891 साली निघाला आणि 1892 साली स्मिथ कॉलेजातील मुलींना तो शिकविला सेंदा बेरेन्सन या शिक्षिकेने. लिथुआनियातून लहानपणी आलेली ही ज्यू मुलगी, आपल्या मुलींसारखीच स्थलांतरितांच्या घरची. लोकलज्जा तिलाही होतीच. धसमुसळेपणा नको म्हणून तिने मैदानाचे तीन भाग पाडले, दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावण्यास मनाई केली; पण खेळ चालू ठेवला. आणि इतके दूर तरी कशास जावे? रामला हे आपल्या कितीतरी कुटुंबांचे गाव. तेथील एलित्सूर रामला संघाने 2011 साली युरोकप जिंकला. इस्रायलच्या स्त्रियांच्या क्लबने मिळविलेले ते पहिले युरोपीय विजेतेपद.

शब्बाथचा आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाही. युरोपातील स्पर्धा शनिवार पाहून थांबत नाहीत. राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेल्या मुलीपुढे हा पेच खरोखर उभा राहतो. तो तिने व तिच्या आईबापांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे सोडवावा. परंतु दहा वर्षांच्या मुलीचा सराव रविवारी नि बुधवारी दुपारी असताना, पुढे कधीतरी येणाऱ्या शनिवारसाठी तिला आजच घरी बसवावयाचे, ही आमच्या मते निव्वळ सबब आहे.

वाचकहो, ज्या मुलींविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांतील बहुतेकींना हे वाचता येणार नाही. त्यांची वाचनाची भाषा हिब्रू. हे पान आजी-आजोबा वाचतात, आणि "जाऊ द्या तिला" हे शब्द आपल्या घरांतून अजून त्यांच्याच तोंडून यावे लागतात. 1 सप्टेंबरला शाळा उघडतात. दुपारच्या खेळवर्गांची नावनोंदणीही त्याच सुमारास असते.