धुणं नदीवर न्यावं तसं

व्हेरा रुबिन हे नाव आपल्यापैकी फार जणींनी ऐकलेलं नसेल. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत रीतसर निरीक्षणाची परवानगी मिळालेली ही पहिली स्त्री. साल १९६५! तोवर सबब काय, तर तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. बाईंनी कागदाचा छोटासा स्कर्ट कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवून टाकला. झालं स्वच्छतागृह!

आज चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या वेधशाळेला त्यांचंच नाव आहे. तिची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये जगापुढे आली. कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा, आणि एका रात्रीत जमणारी माहिती सुमारे २० टेराबाइट. घरातला संगणक एक टेराबाइटचा धरला, तर एका रात्रीत असे वीस भरतील. आणि हे दहा वर्षं चालायचंय.

एवढं कोण कुठे उतरवून घेणार? म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी उलटी वाट धरली. नदी घरी आणता येत नाही, धुणं नदीवर नेतात, तसं. माहिती मोठ्या संगणक केंद्रांतच राहते. संशोधक आपल्या जागेवरून ब्राउझर उघडतात आणि तिकडच्या यंत्रांकडून हिशेब करून घेतात. यालाच क्लाऊड कॉम्प्युटिंग म्हणतात. नाव ढगाचं, पण यंत्रं जमिनीवरच, भाड्याची. वापराल तेवढं बिल. (तेही काही लहान नसतं म्हणा!) रुबिन वेधशाळेने संशोधकांसाठी ही सोय गुगलच्या क्लाऊडवर केली आहे.

म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून रात्र जागवणं मागे पडलं. आता हवी पायथॉनसारखी संगणकभाषा, संख्याशास्त्र, आणि आपलं काम दुसऱ्याला पडताळता येईल असं नीट लिहून ठेवायची शिस्त.

सामाजिक कामानिमित्त घरोघरी जाते, तेव्हा बी.एस्सी. झालेल्या मुली भेटतात. ‘रात्रीबेरात्री डोंगरावर? पोरीच्या जातीला नको,’ एवढ्यावर विषय मिटतो. ही सबब आता उरली नाही. पण घरातला लॅपटॉप आधी भावाचा, आणि कॉलेजची कॉम्प्युटर लॅब चारला कुलूपबंद! रुबिनची सगळी माहिती लगेच सगळ्यांना खुली नाही, हे खरं. पण पायथॉन फुकट मिळतं, आणि आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदी इंटरनेटवरून मागवता येतात.

मैत्रिणींनो, आपापल्या गावातल्या प्राचार्यांना भेटू या. लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा, एवढंच मागायचं. आमच्याकडचा अर्ज मी लिहायला घेतलाय. सह्यांना तुम्ही या.