कुंपणाची राखण कोणी करावयाची?

भातकापणी उरकली, खळी झाडून झाली, की कर्जत व खालापूर तालुक्यांतील कातकरी वाड्या रित्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्ची पडलेली असते. ती फेडण्यासाठी सारे कुटुंब वीटभट्टीवर अथवा कोळसाभट्टीवर निघते आणि पुढचा पाऊस जवळ आला म्हणजे परतते. जी मुले आईबापांबरोबर जातात त्यांची शाळा बुडते. जी मागे राहतात त्यांतील कित्येक शासकीय आश्रमशाळेच्या स्वाधीन होतात. याच मुलुखातील कर्जत स्थानकावर, घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडली जात असता, कोठल्याशा दूरच्या गावाहून एकटेच निघालेले एखादे पोर फलाटावर उतरते; कायद्याप्रमाणे त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. आणि याच मुलुखात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या रात्री आश्रमशाळेत निजलेली काही मुले वाचली. परंतु सकाळी त्यांना घरही नव्हते व घरी वाट पाहणारे कोणी नव्हते.

या तिन्ही मुलांची दुःखे निराळी आहेत. पण तिघांनाही आता एकच पालक आहे, व तो म्हणजे शासन. त्यांच्या ताटात काय पडते, अंगावर पांघरूण आहे की नाही, रात्री निजावयाच्या खोलीची कडी कोणाच्या हाती आहे, हे सारे शासनाने नेमलेली माणसे ठरवितात. घरच्या मुलाला बापाने मारले तर शेजारी आडवा येतो, आजी ओरडते. या मुलांना शेजारी नाही व आजी नाही. म्हणून आम्ही आज एक साधा प्रश्न विचारणार आहोत: या पालकावर नजर कोणाची?

कायद्यात उत्तर आहे, असे आम्हांस सांगण्यात येईल. ते खरे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ५४ व्या कलमान्वये राज्य शासनाने तपासणी समित्या नेमावयाच्या. समितीने दर तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक बालगृहास भेट द्यावयाची. भेटीस किमान तीन सदस्य, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावयाचा. आणि अहवाल आठवड्याच्या आत पाठवावयाचा. तरतूद सुबक आहे. पण समिती नेमणारे शासन, बालगृहास मान्यता व अनुदान देणारे शासन, आणि अहवाल वाचून बाजूला ठेवण्यास मुखत्यारही शासनच. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवून सारे धागे एका हाती दिले. कामाला वेग यावा हा त्यामागील हेतू आम्ही मान्य करतो. परंतु जो कारभार करतो त्यानेच कारभाराचा झाडा घ्यावा, ही पद्धत साध्या पतपेढीतही कोणी चालू देणार नाही.

आम्ही एके काळी शाळामास्तर होतो, त्यामुळे तपासणी म्हणजे काय हे आम्हांस ठाऊक आहे. तपासनीस येणार ही वर्दी आधी आठ दिवस येते. भिंती पांढऱ्या होतात, हजेरीपत्रके जुळतात, हुशार मुले पहिल्या बाकावर येतात आणि बोलभांड मूल त्या दिवशी नेमके आजारी पडते. तपासनीस सज्जन असतो. पण त्याला जे दाखविले जाते तेच तो पाहतो. शाळेत यामुळे फार तर गणिताची कच्ची बाजू झाकली जाते. बालगृहात काय झाकले जाते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्याने दिला आहे.

पनवेल तालुक्यातील कळंबोली येथील एका शासनमान्य बालगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर अत्याचार होत असल्याचे २०११ साली उघडकीस आले. ते जिल्ह्याच्या नेहमीच्या तपासणीतून उघडकीस आले नाही. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील वसतिगृहात मुले दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची आपण होऊन दखल घेतली, राज्यातील अशा संस्था पाहण्यासाठी समिती नेमली, आणि त्या समितीची माणसे कळंबोलीस पोहोचली, तेव्हा कोठे मुलींना वाचा फुटली. २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह काही आरोपींना दोषी ठरविले. बिहारातील मुझफ्फरपूरचा २०१८ चा प्रकार याहून बोलका आहे. तेथील सत्य टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीने बाहेर काढले. आणि २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले त्यांत बालकल्याण समितीचे पदाधिकारी व जिल्हा बाल संरक्षण अधिकारीही होते. कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचलेली नाही.

आश्रमशाळांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्या आदिवासी विकास विभागाच्या. बालगृहांसाठी नेमलेल्या तपासणी समितीचा पाय तेथे सहसा लागत नाही. पेण येथील प्रकल्प कार्यालय त्या चालविते आणि तेच त्यांची देखरेखही करते. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी २०१६ साली राज्यपालांना डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, यातच सारे आले. २००५ च्या कायद्याने निर्माण झालेल्या राज्य बालहक्क आयोगास कोणत्याही संस्थेत जाऊन पाहण्याचा अधिकार आहे खरा. पण त्याने फक्त शिफारस करावयाची. शिवाय त्याचा अध्यक्ष मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समिती सुचविते आणि ते पद दीर्घकाळ रिकामे राहिल्याचेही या राज्याने पाहिले आहे. मुलाने स्वतः हाक मारावी म्हटले, तर १९९६ साली मुंबईत स्वयंसेवी प्रयत्नातून सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा २०२३ पासून शासनाच्याच यंत्रणेत गेली आहे. म्हणजे मुलाने शासनाविरुद्ध तक्रार करावयाची तीही शासनाकडेच!

आम्ही कोणाच्या सचोटीवर शिंतोडे उडवीत नाही. अपुऱ्या माणसांनिशी शेकडो मुलांचे जेवणखाण, आजारपण व अभ्यास सांभाळणारे अधीक्षक व गृहपाल आम्ही पाहिले आहेत; इर्शाळवाडीच्या मुलांना त्या रात्री आश्रमशाळेच्याच छपराने तारले हेही विसरून चालणार नाही. पण स्वतंत्र देखरेख ही भल्या माणसांवरील अविश्वासाची खूण नव्हे. छप्पर गळते, डॉक्टर येत नाही, हे भल्या अधीक्षकाने दहादा लिहिले तरी वरचे दप्तर हलत नाही. तेच बाहेरच्या माणसाने जाहीर केले की हलते. देखरेखीचा पहिला लाभ प्रामाणिक सेवकासच होतो.

हे अशक्य आहे असेही नाही. अमेरिकेत एकट्याने सरहद्द ओलांडून आलेल्या मुलांच्या कोठडीविषयी १९९७ साली फ्लोरेस तडजोड झाली, आणि शासन ती पाळते की नाही हे पाहण्यासाठी न्यायालयाने २०१८ साली स्वतंत्र निरीक्षक नेमला. इतके दूर जावयासही नको. शीला बर्से यांच्या अर्जावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच सांगितले होते की, तुरुंगांत मुले डांबली आहेत काय हे पाहण्यास न्यायाधीशांनी दर दोन महिन्यांनी तेथे जावे. तुरुंगातील मुलासाठी जे योग्य ठरले ते आश्रमशाळेतील मुलासाठी अयोग्य कसे?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. बालगृहे व आश्रमशाळा या दोहोंची तपासणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने, न्यायिक अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली, वर्दी न देता व्हावी. त्या पथकात वाडीवरची, मुलांची बोली जाणणारी एक बाई असावी. मुलांशी बोलणे कर्मचाऱ्यांच्या कानाआड व्हावे. तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकाकडे नसावी. आणि अहवाल, मुलांची नावे गाळून, मराठीत प्रसिद्ध व्हावा.

एवढे करण्यास नवे खाते नको की नवी इमारत नको. हवी आहे ती आपले घर परक्या डोळ्यांना दाखविण्याची शासनाची तयारी. भट्टीवर निघालेली कातकरी आई आपले पोर ज्याच्या ओटीत टाकून जाते, त्याच्या दाराला आतूनच कडी असू नये, इतकेच आमचे मागणे आहे.