पिस्तुलाचा जामीन

दिवाळीत पिस्तूल घेऊन देण्याचा प्रसंग प्रत्येक बापावर येतो. माझ्यावरही तो पुष्कळदा येऊन गेला आहे. नव्या पेठेतल्या दुकानात चिरंजीव पिस्तूल हातात घेतात, रिकामेच दोनदा वाजवून पाहतात, दुकानदार ‘एक नंबर माल आहे, सर’ म्हणून ग्वाही देतो आणि आपण पैसे मोजून बाहेर पडतो. वसुबारसेला ते पिस्तूल टिकलीगणिक वाजते. नरकचतुर्दशीला तीन टिकल्यांमागे एक फुसकी जाते. पाडव्याला टिकल्यांची गुंडाळी आत अडकून बसते, आणि भाऊबीजेला चिरंजीव उरलेल्या टिकल्या अंगणातल्या फरशीवर दगडाने फोडीत असतात. दगड कधी बिघडत नाही!

पिस्तुलांच्या टिकाऊपणाविषयी माझे ज्ञान गेल्या वर्षापर्यंत एवढेच होते. असा मी, मराठीचा प्राध्यापक, एका खऱ्याखुऱ्या पिस्तुलाला जामीन राहिलो असे सांगितले, तर वाचकहो, आपल्याला हसू येईल. आमच्या घरातही ते आलेच.

झाले असे की, गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझी थोरली बहीण, आमची अक्का, सकाळीच घरी आली. चहा निम्मा झाल्यावर म्हणाली, “अरे, पोरीला स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय. पतसंस्था कर्ज देते म्हणते, पण एक जामीन हवा. ह्यांच्या तोंडून निघेना, म्हणून मीच आले.”

अक्काची धाकटी तीन वर्षांपासून हवाई पिस्तुलाची नेमबाजी शिकते आहे, हे मला ठाऊक होते. आजवर ती शिकवणीतल्या सामाईक पिस्तुलावर सराव करी. सामाईक पिस्तूल म्हणजे सार्वजनिक वाचनालयातले पुस्तक. आपल्याला हवे असते तेव्हा ते दुसऱ्याकडे असते आणि परत येते ते कुणाच्या तरी खुणा घेऊन. आता तिला परदेशी बनावटीचे स्वतःचे हवे होते. किंमत दोन लाखांच्या घरात. आमचे दाजी नोकरदार माणूस. सोन्यासाठी, घरासाठी जामीन राहणारे पुष्कळ पाहिले, पण पिस्तुलासाठी? सौ.ने मला आत बोलावून हाच प्रश्न विचारला. मी उत्तर न देता बाहेर आलो आणि सही केली. अक्काला ‘नाही’ म्हणण्याची विद्या मला कुठल्याच विद्यापीठाने शिकवलेली नाही.

शिवाय अशा कर्जांना आपल्याकडे काही आधार आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीच्या ५० गोळ्या संपल्या तेव्हा तिची आणि थायलंडच्या मुलीची ३४ वर बरोबरी होती. जादा ५ गोळ्या झाल्या, तरी बरोबरी. पुन्हा ५ झाल्या, तेव्हा कुठे निकाल लागला. आम्ही हे वाचून हाताचे आणि मनाचे कौतुक केले. त्या साठाव्या गोळीलाही पहिलीसारखेच चालणाऱ्या यंत्राची आठवण कुणाला झाली नाही.

पिस्तूल आले ते एका काळ्या पेटीतून. त्याची मूठ भाचीच्या हाताला बेतलेली. आधी कागदावर पंजा ठेवून त्याची आकृती काढायची, त्या मापाची अक्रोडाची मूठ मागवायची, मग कानस आणि लांबी घेऊन बोटांच्या खोबणीला खोबण जुळेपर्यंत घासायचे. मी ती हातात धरून पाहिली. दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखे वाटले. १० मीटरवर लक्ष्य, त्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. त्यात साडेचार मिलिमीटरचा छर्रा, एका हाताने, उभ्याने मारायचा; ७५ मिनिटांत ६० वेळा. आमच्या महाविद्यालयात ६० विद्यार्थ्यांची हजेरीसुद्धा कधी इतक्या अचूकपणे लागलेली नाही.

पिस्तूल आल्याची बातमी गल्लीत पसरली, तसे शेजारचे आजोबा काठी टेकीत आले. त्यांनी हॉटसनची कथा लावली. ती सोलापूरकराला नवी नाही. १९३० च्या मे महिन्यात आपल्या गावावर मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यास फाशी झाली. त्या दडपशाहीचा जाब म्हणून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि साहेब वाचले.

“हत्यार चाललं, पण बटण आडवं आलं!” आजोबा म्हणाले.

भाची पिस्तूल पुशीत होती. वर न बघता म्हणाली, “बटणाचं आपल्या हातात नसतं, आजोबा. हत्यार चालेल की नाही, एवढंच असतं.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. कारण जामीन मी होतो. दोन लाखांची वस्तू चालणारच, असे मी धरून चाललो होतो. चार पुस्तके चाळल्यावर एक जुनी परीक्षा सापडली. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी दोन पिस्तुलांची कसोटी लागली. जॉन ब्राउनिंग या कारागिराचे एक आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे दुसरे. प्रत्येकातून ६,००० गोळ्या झाडायच्या. शंभर झाल्या की थोडे निवू द्यायचे, हजार झाल्या की पुसून तेल द्यायचे, फारच तापले तर सरळ पाण्यात बुडवायचे. प्रतिस्पर्ध्याचे पिस्तूल ३७ वेळा अडले. ब्राउनिंगचे एकदाही नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ते सैन्याने स्वीकारले आणि १९८५ पर्यंत तेच त्या सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते.

मी हे मोठ्या ऐटीत भाचीला सांगितले. ती म्हणाली, “मामा, ही तुमच्या विद्यापीठासारखी परीक्षा झाली. दोन दिवसांत पास. पुढं चौऱ्याहत्तर वर्षं ते चालत राहिलं, ते कुणी रोज पुसलं, कुणी कुठला भाग कधी बदलला, ते लिहिलंय का त्या पुस्तकात?”

अक्काने चुलीपाशी बसल्या बसल्या निकाल दिला, “चादर कधी दुकानात ओळखू येते का रे? दहा धुण्यांनंतर कळते.” सोलापूरच्या बाईपुढे चादरीच्या दाखल्यावर कोण वाद घालणार!

तेव्हा भाचीने आपली वही दाखवली. साधी, दोनशेपानी. रोज किती छर्रे मारले, कोरा नेम धरून नुसता चाप किती वेळा ओढला, हवेच्या नळकांड्यात दाब किती होता, माशी कितीदा सरकवावी लागली, हे सारे तारीखवार. चाप निदान ५०० ग्रॅम वजन पेलतो की नाही, हे सामन्याआधी वजन लटकावून तपासतात. ते वजन ती घरीही लटकावून पाही. हवेच्या नळकांड्यावर मुदतीची तारीख असते आणि ती उलटली की ते सामन्यात चालत नाही. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिलेली. आमच्या मे महिन्याचे ऊन आणि धूळ यांचीही नोंद होतीच.

त्या वहीमुळे एक गंमत मी डोळ्यांनी पाहिली. चैत्रात तिचे छर्रे एकसारखे डावीकडे जाऊ लागले. दाजी काळजीत पडले. म्हणाले, पिस्तूल परत पाठवू या. तिने ते ओळखीच्या कारखान्यात नेले, फडके गुंडाळून व्हाइसमध्ये आवळले आणि पाच छर्रे मारले. पाचांचे मिळून एकच भोक! पिस्तूल निर्दोष होते. मनगट चुकत होते. माणसाला व्हाइसमध्ये घालता येत नाही म्हणून आपण यंत्राला दोष देतो, एवढे त्या दिवशी समजले.

ही वही कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा तिने टोकियोची हकीकत सांगितली. २५ जुलै २०२१ रोजी ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले. ४४ फैरी उरल्या होत्या आणि ५५ मिनिटे. दुरुस्ती करून ती परतली तेव्हा ३८ मिनिटे उरली होती. तिने ५७५ गुण केले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. त्याच मनूने २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदके मिळविली, हे सर्वांना आठवते. भाचीला ती मधली सतरा मिनिटे आठवतात.

आणि तरीही तिच्यावर तो प्रसंग आलाच. पावसाळ्याच्या तोंडी बाहेरगावी स्पर्धा होती. मी सोबत गेलो होतो. तेविसाव्या छर्ऱ्याला ती थबकली. पुढचे दोन खाली गेले. काचेमागून मला तिची पाठ तेवढी दिसत होती. पण आमच्या घराण्यातल्या पाठी बोलक्या आहेत. पिस्तुलातल्या एका रबरी कडीतून हवा झिरपत होती. पंचांची परवानगी घेऊन ती बाहेर आली. जवळ जादा कडी नव्हती. कोल्हापूरकडच्या एका मुलीच्या वडिलांनी आपल्या पेटीतून काढून दिली आणि स्वतः बसवूनही दिली. त्यांची मुलगी त्याच रांगेत, त्याच पदकासाठी उभी होती. भाचीने साठही छर्रे पुरे केले, पण अंतिम फेरी हुकली.

परतीच्या गाडीत ती कुर्डूवाडीपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “मामा, कडी बदलायची वेळ झाली होती. वहीत होतं. पण त्या महिन्यात हप्ता होता, बाबांना परत पैसे कसे मागू? म्हटलं, एवढी स्पर्धा निघेल.”

जामीनकीच्या कागदावर सही करताना ही बाब मला कुणी वाचून दाखवली नव्हती. दोन लाखांसाठी आम्ही सारे उभे राहिलो होतो. एका क्षुल्लक कडीसाठी पोरीला कुणाजवळ तोंड उघडता आले नव्हते. महाग वस्तू घरात आली की घर तिच्यापुढे असे अवघडून जाते.

दुसऱ्या दिवशी मी वही पाहिली. त्या तारखेपुढे आधी लिहिले होते, ‘पिस्तूल बिघडले.’ ते खोडून खाली लिहिले होते, ‘मी कडी बदलली नाही.’ गेली वीस वर्षे मी वर्गात कर्ता शिकवतो आहे. इतका स्पष्ट कर्ता एकाही उत्तरपत्रिकेत सापडलेला नाही. मी त्या पानाखाली एक ओळ लिहिली: ‘यापुढे कड्यांचा खर्च मामाकडे.’ जामीनदाराला एवढा अधिकार असावा.

यंदा खंडेनवमीला अक्काने पाटावर सर्वांची हत्यारे मांडली. दाजींचा पाना, माझे शब्दकोश, स्वतःची विळी आणि मधोमध ते पिस्तूल. वर्षभरात त्यातून अठरा हजारांवर छर्रे गेले होते, आणि कर्जाचा एकही हप्ता चुकला नव्हता. अक्का हळदकुंकवाची चिमूट घेऊन पुढे झाली, तशी भाची ओरडली, “आई, पिस्तुलाला नको! कण आत जाईल.”

अक्का क्षणभर घोटाळली. मग तिने ती चिमूट वहीला वाहिली.